जनावरांच्या औषधाची चिठ्ठी गेली कुठे?

जालना, प्रतिनिधी - जनावर आजारी पडले की गुरांच्या दवाखान्याआधी मेडिकलची पायरी चढायची, ही मराठवाड्याच्या ग्रामीण भागात रुळलेली रीत आहे. 'म्हैस चारा खाईना, अंग तापलंय, कायतरी द्या,' एवढी माहिती काउंटरवर पुरते. दुकानदार वेदनाशामकाची बाटली, प्रतिजैविकाची कुपी आणि सुई काढून देतो. गावात टोचणारा कोणीतरी असतोच. जनावर दोन दिवसांत उठून उभे राहते, किंवा राहत नाही. या साऱ्या व्यवहारात एक कागद मात्र कुठेच दिसत नाही. तो म्हणजे पशुवैद्यकाच्या सहीची चिठ्ठी.

शहरातील चित्र फारसे निराळे नाही. जालना शहराच्या नव्या वसाहतींतून कुत्री-मांजरे पाळण्याची आवड वाढली आहे. कुत्रा लंगडू लागला की घरातल्या माणसांसाठी आणलेली गोळी अर्धी करून पोळीत घालून दिली जाते. मांजराला ताप आला की लहान मुलांचे औषध चमच्याने पाजले जाते. हेतू चांगलाच असतो. परिणाम मात्र अनेकदा जिवावर बेततो.

हा प्रश्न आज नव्याने मांडण्याचे कारण आहे. केंद्र सरकारने ३० डिसेंबर २०२४ च्या अधिसूचनेद्वारे निमसुलाइड या वेदनाशामकाच्या पशुवापरासाठी उत्पादन, विक्री व वितरणावर बंदी घातली. त्याआधी २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक, आणि त्याही आधी २००६ पासून डायक्लोफिनॅक अशी एकाच जातकुळीतील चार औषधे गुरांच्या उपचारातून बाद झाली आहेत. निर्णय योग्यच आहेत. परंतु अशा औषधांची माणसांसाठीची पाकिटे त्याच दुकानात, त्याच फळीवर असताना ती गोठ्यात जाणार नाहीत याची हमी कोण देणार? बंदी कारखान्याच्या दारात लागू करता येते. दुकानाच्या काउंटरवर ती लागू होते ती केवळ चिठ्ठीमुळे. आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात नेमकी ती चिठ्ठीच व्यवहारातून गळाली आहे.

नियम अपुरे नाहीत

जनावरांच्या औषधांविषयी कायदाच नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालील नियम १९४५ चे. या नियमांत 'नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक' या संज्ञेत पशुवैद्यकाचाही समावेश आहे. म्हणजे पशुवैद्यकाने लिहिलेली चिठ्ठी ही औषध दुकानदाराच्या दृष्टीने माणसांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीइतकीच वैध आहे. ती लेखी असावी, तिच्यावर सही आणि तारीख असावी, औषधाचे नाव, प्रमाण आणि मात्रा असावी, असे नियम सांगतो. एवढेच नव्हे, तर औषध जनावरासाठी असेल तर रुग्णाच्या जागी जनावराच्या मालकाचे नाव व पत्ता लिहावा, अशी स्पष्ट तरतूद आहे. ज्यांनी हे नियम केले त्यांच्या डोळ्यांसमोर गोठाही होता, हे यावरून दिसते.

जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर पाळीव प्राण्याच्या डोक्याचे चिन्ह आणि 'माणसांसाठी नव्हे, केवळ जनावरांच्या उपचारासाठी' अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. दुकानात ही औषधे वेगळ्या कपाटात किंवा ग्राहकांना प्रवेश नसलेल्या वेगळ्या भागात ठेवावी लागतात. परिशिष्ट 'एच' मधील औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. २०१३ मध्ये आलेल्या आणि मार्च २०१४ पासून लागू झालेल्या परिशिष्ट 'एच-१' नुसार सेफ्ट्रियाक्झोनसारख्या वरच्या पिढीतील प्रतिजैविकांच्या प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. लिहून देणाऱ्याचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची ही वही तीन वर्षे जपावी लागते. शस्त्रक्रियेच्या भुलीसाठी पशुवैद्यकांना लागणारे केटामाइन तर त्याहून कडक अशा परिशिष्ट 'एक्स' मध्ये आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे सांभाळावी लागते.

थोडक्यात, साखळी कागदावर पूर्ण आहे. पशुवैद्यकाने तपासावे, लिहावे; दुकानदाराने वाचून द्यावे, नोंदवावे; मालकाने सांगितल्याप्रमाणे वापरावे. प्रत्यक्षात साखळीचा पहिला दुवाच अनेक गावांत जागेवर नाही.

लिहायचे कोणी?

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे आठ तालुके आणि नऊशेहून अधिक गावे त्यात आहेत. राज्यात जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, तालुक्याला लघु सर्वचिकित्सालय आणि खाली जिल्हा परिषदेचे श्रेणी एक व श्रेणी दोनचे दवाखाने अशी रचना उभी राहिली. श्रेणी एकच्या दवाखान्याचा प्रमुख पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतो. श्रेणी दोनचा कारभार मात्र सहायक पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षक पाहतो. ही मंडळी बहुतांशी पदविका किंवा प्रमाणपत्रधारक असतात.

गुंता येथेच आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यक व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पदवीधर पशुवैद्यकालाच आहे. राज्यातील ही नोंदणी नागपूर येथील महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे होते. पदविका वा प्रमाणपत्रधारकांना राज्य सरकार केवळ 'किरकोळ पशुवैद्यकीय सेवा' देण्याची परवानगी देऊ शकते. लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी यांसारखे प्राथमिक उपचार त्यात येतात. तेही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शनानुसार. चिठ्ठीवर प्रतिजैविक लिहिणे हे या चौकटीत सहज बसणारे काम नव्हे.

मात्र मध्यरात्री गाय अडली, शेळी फुगली, बैलाला फऱ्याची शंका आली, तर गावकऱ्यांना जवळचा माणूस हाच असतो. उपचार करू शकणारा माणूस गावात आहे, पण त्याला लिहिण्याचा अधिकार नाही. ज्याला अधिकार आहे तो तालुक्याला आहे. या दोन टोकांच्या मध्ये शेतकरी उभा आहे आणि त्याच्या सर्वांत जवळ आहे ते मेडिकल.

पदविकाधारकांच्या संघटनांनी नोंदणी आणि स्वतंत्र व्यवसायाच्या हक्कासाठी वेळोवेळी आंदोलने केली. २०२१ मध्ये राज्यभर कामबंद आंदोलनही झाले. वर्षानुवर्षे दवाखाने आम्हीच चालवायचे आणि कायद्याच्या नजरेत मात्र आम्ही नसायचे, ही त्यांची व्यथा खोटी नाही. निदानाचे पुरेसे शिक्षण नसताना औषधे लिहिण्याची मुभा दिली तर हानी वाढेल, ही पदवीधरांची भीतीही निराधार नाही. या वादात दोन्ही बाजूंनी अधिकाराची भाषा होते. चिठ्ठी नेमकी कोणाच्या हातून शेतकऱ्यापर्यंत पोचावी, हा मूळ प्रश्न बाजूला राहतो.

गिधाडांनी मोजलेली किंमत

चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या औषधाने काय होते, याचा धडा देशाने एकदा घेतला आहे. नव्वदच्या दशकात डायक्लोफिनॅक स्वस्त झाले आणि गुरांच्या ताप-सुजेवर सर्रास वापरले जाऊ लागले. गुणही येत असे. पण औषध टोचल्यानंतर लवकरच मेलेले जनावर गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत आणि ती काही दिवसांत मरत. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पाकिस्तानातील अभ्यासातून हे कारण उघड केले. तोवर उशीर झाला होता. भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. विशेष म्हणजे शंभरातील एकाहूनही कमी मृत जनावरांत घातक प्रमाणात औषध असले, तरी एवढा संहार होण्यास ते पुरेसे होते, असे संशोधकांनी मांडले.

गावाबाहेर टाकलेली मेलेली ढोरे गिधाडांनी तासाभरात साफ करावीत, हे दृश्य मराठवाड्यातील जुन्या पिढीने पाहिले आहे. गिधाडे गेली आणि ते काम भटक्या कुत्र्यांकडे आणि कुजण्याकडे आले. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडे भरपूर होती तेथे २००० ते २००५ या काळात माणसांच्या मृत्यूंत वर्षाला सुमारे एक लाखाची भर पडली, असा अंदाज अर्थशास्त्रज्ञ इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडला. गोठ्यातल्या एका सुईचा धागा असा माणसाच्या मरणापर्यंत पोचतो.

सरकारने २००६ मध्ये पशुवापराच्या डायक्लोफिनॅकचे उत्पादन थांबविण्याचे आदेश दिले आणि २००८ मध्ये अधिसूचना काढली. तरीही वापर थांबला नाही, कारण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात राहिल्या. जनावराचे चिन्ह नसलेले औषध जनावराला देण्याची वाट काउंटरवरून मोकळीच होती. अखेर २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची कुपी एका मात्रेपुरती, म्हणजे ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित करावी लागली. चिठ्ठी मागितली जात असती तर कुपीचा आकार बदलण्याची वेळ आली नसती. गुरांसाठी तुलनेने सुरक्षित मेलोक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक आम्ल हे पर्याय उपलब्ध आहेत. पण दुकानात 'नेहमीचंच द्या' असे म्हणणाऱ्याला हा पर्याय सुचवणार कोण?

कुत्र्या-मांजरांची वेगळी अडचण

जालन्यातील पशुवैद्यकीय व्यवस्था स्वाभाविकपणे गाय, म्हैस, बैल आणि शेळी यांच्याभोवती उभी राहिली आहे. कुत्र्या-मांजरांचे आजार, त्यांच्या तपासण्या आणि औषधे हे वेगळेच शास्त्र आहे. मुंबईत जुलै २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे सुसज्ज रुग्णालय सुरू झाले. जालन्यातील पाळकाला मात्र अवघड दुखण्यासाठी साठ किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते किंवा परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा रस्ता धरावा लागतो.

त्यामुळे घरगुती प्रयोग वाढतात. पॅरासिटामॉल माणसाला साधे वाटते. मांजराच्या यकृताला मात्र ते पचवता येत नाही. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते, हिरड्या काळपट पडतात आणि पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जठरात व्रण पाडते आणि मूत्रपिंडांवर आघात करते. खरजेसाठी गुरांचे आयव्हरमेक्टिन कुत्र्याला टोचणे हाही सर्रास चालणारा प्रकार आहे. गुरांसाठीच्या या इंजेक्शनचा एक मिलिलिटर म्हणजे पन्नास किलो वजनाच्या जनावराची मात्रा असते. दहा किलोच्या कुत्र्याला 'थोडंसंच' म्हणून एक मिलिलिटर दिले तरी ते पाचपट होते. कोली जातीच्या कुत्र्यांना तर अनुवंशिक कारणाने हे औषध नेहमीपेक्षा किती तरी कमी प्रमाणातही घातक ठरू शकते.

याची दुसरी बाजूही आहे. लहान प्राण्यांच्या उपचारात माणसांसाठीची अनेक औषधे पशुवैद्यक रीतसर लिहून देतात. फेफरे येणाऱ्या कुत्र्याला फिनोबार्बिटोन महिनोन् महिने, कधी जन्मभर द्यावे लागते. ते एकदम बंद झाले तर फेफऱ्यांची मालिका सुरू होऊन कुत्रा दगावू शकतो. अशा वेळी चिठ्ठी हाच पाळकाचा आधार असतो. मात्र झोपेच्या आणि नशेच्या औषधांबाबत कडक असणारा दुकानदार प्राण्याच्या डॉक्टरची चिठ्ठी पाहून बिचकतो. म्हणजे जेथे चिठ्ठी मागायला हवी तेथे ती मागितली जात नाही आणि जेथे ती दाखवली जाते तेथे तिच्यावर विश्वास बसत नाही. पशुवैद्यकाचा नोंदणी क्रमांक, मालकाचे नाव-पत्ता आणि प्राण्याचा उल्लेख असलेली चिठ्ठी पूर्णतः वैध आहे, हे दुकानदारांना स्पष्टपणे सांगण्याची गरज आहे.

रेबीजच्या लशीची गोष्टही अशीच. ही लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. दुकानातून घेतलेली कुपी मे महिन्याच्या उन्हात पिशवीतून घरी नेऊन कोणाकडून तरी टोचून घेतली, तर वहीत लसीकरणाची नोंद होते. कुत्र्याच्या अंगात संरक्षण तयार झाले की नाही, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते.

दुधाच्या किटलीपर्यंत

हा प्रश्न केवळ प्राण्यांचा किंवा त्यांच्या मालकांचा नाही. गाईच्या कासेला दगडी झाली की प्रतिजैविके दिली जातात. ती गरजेची असतात, पण त्यांचा अंश काही दिवस दुधात उतरतो. म्हणून ठरावीक काळ ते दूध विकू नये, असे औषधाच्या वेष्टनावर आणि शास्त्रात सांगितलेले असते. पशुवैद्यकाने लिहिलेल्या चिठ्ठीवर हे दिवस नोंदवता येतात. काउंटरवरून घेतलेल्या औषधाबरोबर ही सूचना येत नाही, आणि आली तरी रोजच्या दुधावर घर चालवणाऱ्या कुटुंबाला आठवडाभराचे दूध ओतून देणे परवडत नाही.

दुसरा धोका अधिक खोल आहे. अर्धवट मात्रा, अर्धवट दिवस आणि चुकीचे प्रतिजैविक यांमुळे जंतू औषधाला सरावतात. हे जंतू गोठा, शेणखत, पाणी यांतून माणसापर्यंत पोचतात. माणसांच्या गंभीर संसर्गात अखेरचा उपाय मानल्या जाणाऱ्या कोलिस्टिनचा अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांतील वापर सरकारने २०१९ मध्ये बंद केला, तो याच कारणाने. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने पशुउपचारांची प्रमाणित मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. परंतु मार्गदर्शक तत्त्वे वाचतो तो पशुवैद्यक. ज्या व्यवहारात पशुवैद्यकच नाही तेथे ती कपाटातच राहतात.

२०२२ च्या लम्पीच्या साथीत याची प्रचीती आली. आजार विषाणूचा, प्रतिजैविकांचा उपयोग फार तर दुय्यम संसर्गापुरता. तरीही घाबरलेल्या पशुपालकांचा पहिला प्रश्न 'कोणतं इंजेक्शन घ्यायचं' हाच होता. त्याच साथीत सरकारी यंत्रणेने शेळ्यांच्या देवीची लस वापरून गावोगावच्या गोवंशाचे मोफत लसीकरण केले. मनावर घेतले तर यंत्रणा प्रत्येक गोठ्यापर्यंत पोचू शकते, हेही त्या वेळी सिद्ध झाले.

शेतकऱ्याचे गणित

पशुपालक अडाणी आहे म्हणून चिठ्ठी घेत नाही, असे मानणे अन्यायाचे होईल. त्याचे गणित साधे असते. खासगी पशुवैद्यकाला गावात बोलवायचे तर फी, पेट्रोल आणि औषध असा तिहेरी खर्च. जनावर सरकारी दवाखान्यात न्यायचे तर टेम्पोचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी बुडालेली. तेथे औषधसाठा नसेल तर 'बाहेरून आणा' हेच उत्तर. शेवटी मेडिकलमध्येच यायचे आहे, तर थेट तेथेच का जाऊ नये? २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याची होरपळ राज्याने पाहिली. पाण्या-चाऱ्याअभावी दावणीची जनावरे विकावी लागलेल्या भागात एका म्हशीवर किती खर्च करायचा, हा हिशेब प्रत्येक घर करते.

या गणितात बदल घडवू शकतील अशा दोन गोष्टी अलीकडे आल्या आहेत. एक, १९६२ या नि:शुल्क क्रमांकावरून बोलावता येणारे फिरते पशुवैद्यकीय पथक. केंद्राच्या योजनेनुसार सुमारे एक लाख पशुधनामागे एक वाहन आणि त्यात एक पदवीधर पशुवैद्यक, एक सहायक व चालक असतो. म्हणजे लिहिण्याचा अधिकार असलेला माणूस प्रथमच गोठ्यापर्यंत येतो. दुसरी, मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पशुआरोग्य कार्यक्रमात समाविष्ट केलेला 'पशु औषधि' हा घटक. स्वस्त जेनेरिक पशुऔषधे पंतप्रधान किसान समृद्धी केंद्रे आणि सहकारी संस्थांमार्फत विकण्यासाठी त्यात ७५ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. माणसांच्या जनऔषधी केंद्रांसारखीच ही कल्पना आहे.

मात्र स्वस्त औषध चिठ्ठीशिवाय मिळू लागले तर प्रश्न सुटणार नाही, वाढेल. डायक्लोफिनॅकही स्वस्त होते म्हणूनच पसरले, हे विसरता येत नाही.

जगात काय चालले आहे

ब्रिटनमध्ये याच्या नेमके उलट भांडण सुरू आहे. तेथे पशुवैद्यक तपासतात आणि औषधही आपल्याच दवाखान्यातून विकतात. मालकाला बाहेरून स्वस्त औषध घ्यायचे असेल तर लेखी चिठ्ठीसाठी वेगळे शुल्क द्यावे लागते. तेथील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये या क्षेत्राची चौकशी हाती घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मधील प्राथमिक निष्कर्षांत चिठ्ठीचे शुल्क १६ पौंडांपर्यंत मर्यादित ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. अमेरिकेत ११ जून २०२३ पासून माणसांच्या उपचारातही महत्त्वाची असलेली प्रतिजैविके जनावरांसाठी काउंटरवरून मिळणे बंद झाले. त्यांना पशुवैद्यकाची चिठ्ठी लागते. परिस्थिती वेगळी असली तरी सूत्र एकच आहे. औषध कोण विकतो यापेक्षा ते कोणी, काय तपासून लिहिले याला महत्त्व आहे.

जालन्याने ब्रिटन-अमेरिकेची नक्कल करावी, असे कोणी म्हणणार नाही. पशुवैद्यकच पुरेसे नसताना उद्यापासून चिठ्ठीची सक्ती केली, तर आजारी जनावर औषधाविना मरेल आणि काळा बाजार तेवढा फोफावेल. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्येच पाच हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्यक असावा, असे सुचवले होते. पदे मंजूर करणे, ती भरणे आणि भरलेली माणसे गावात टिकवणे हे लांब पल्ल्याचे काम आहे आणि ते टाळता येणार नाही.

उद्या सकाळी होऊ शकेल असे

परंतु काही गोष्टींना नव्या कायद्याची वा मोठ्या निधीची गरज नाही. श्रेणी एकच्या प्रत्येक दवाखान्यातून आणि प्रत्येक फिरत्या पथकातून छापील चिठ्ठी देणे बंधनकारक करता येईल. तिच्यावर मालकाचे नाव, जनावराची जात व अंदाजे वजन, औषध, मात्रा, दिवस, दूध न विकण्याचा कालावधी आणि पशुवैद्यकाचा नोंदणी क्रमांक हवा. श्रेणी दोनच्या दवाखान्यातील पर्यवेक्षकाने तालुक्याच्या पशुवैद्यकाशी दूरध्वनीवर बोलून उपचार केला, तर त्याची नोंद दोन्हीकडे व्हावी आणि पशुवैद्यकाच्या सहीची चिठ्ठी मागाहून का होईना, मालकाला मिळावी. कायद्याला अपेक्षित असलेली 'देखरेख' म्हणजे याहून वेगळे काय?

औषध दुकानांची तपासणी अन्न व औषध प्रशासनाकडे आणि पशुवैद्यक पशुसंवर्धन खात्याकडे, ही विभागणी समजण्यासारखी आहे. पण बंदी घातलेल्या चार वेदनाशामकांची मराठीतील यादी आणि त्यांचे सुरक्षित पर्याय एका फलकावर लिहून प्रत्येक मेडिकलमध्ये लावण्यासाठी दोन खात्यांची एक बैठक पुरेशी आहे. दुकानदार हा या साखळीतील खलनायक नव्हे. त्याच्याकडे येणारा माणूस त्याच गावचा असतो आणि नकार दिला तर पुढच्या दुकानात जातो. सर्वांनी एकाच वेळी चिठ्ठी मागितली, तरच एकाला ती मागणे परवडते.

आणि शेवटी पाळक. गोठ्यातील म्हशीचा असो की दिवाणखान्यातील मांजराचा, त्याने उपचारानंतर 'साहेब, लिहून द्या' एवढे तीन शब्द उच्चारायला हवेत. तो कागद खिशात असला तर पुढच्या खेपेला कोणते औषध दिले होते हे आठवावे लागत नाही, दुसऱ्या डॉक्टरला अंदाज बांधावा लागत नाही आणि चुकीच्या औषधाने जनावर गेले तर दाद मागायला हातात काहीतरी राहते. आज जालन्यात जनावर दगावले की लोक नशिबाला बोल लावून मोकळे होतात. नेमके काय टोचले होते, हे सांगणारा कागद कोणाकडेच नसतो.